लाडवांची बशी आणि पुढचे अडीच सेकंद

प्रति,
मराठी विनोदी चित्रपट आणि प्रेमपट लिहिणारे, दिग्दर्शित करणारे, जोडणारे आणि त्यात पैसा घालणारे सर्वजण

विषय : हशाची जागा आणि प्रेमातली अडचण परत मिळणेबाबत

स.न.वि.वि.

प्रेक्षक येत नाही, ही तक्रार तुम्ही निदान या दोन प्रकारांबाबत तरी करू नये. ‘झिम्मा’ नोव्हेंबर २०२१मध्ये आला तेव्हा थिएटरं निम्म्याच क्षमतेनं उघडली होती, तरी लोक गेले. ३० जून २०२३ला आलेल्या ‘बाईपण भारी देवा’ला बायका सोसायटीच्या सोसायटी मिळून गेल्या, तेही दुपारच्या खेळांना. हसायला आणि थोडं हळवं व्हायला लोक तिकीट काढतात. अडचण तिकीट काढल्यानंतरची आहे. आत बसलेल्या माणसाला आपलं आपण हसू दिलं जात नाही.

एक प्रसंग घेऊ. कांदेपोह्यांचा कार्यक्रम, बैठकीच्या खोलीत सहा माणसं. मुलीचे वडील विचारतात, ‘चिरंजीव काय करतात?’ मुलाचा मामा अभिमानानं सांगतो, ‘स्वतःचं स्टार्टअप आहे.’ मुलीची आई काही बोलत नाही. मुलापुढे सरकवलेली लाडवांची बशी ती दोन बोटांनी हळूच आपल्याकडे ओढून घेते. झालं, विनोद संपला.

हाच प्रसंग हल्ली पडद्यावर कसा येतो? बशी हलली की लगेच बशीचा क्लोजअप. त्यावर स्प्रिंग तुटल्यासारखा आवाज. मग मामाचा चेहरा, मुलाचा चेहरा, वडिलांचा चेहरा, प्रत्येकी एकेक सेकंद. खालून ते ठरलेलं भोंग्याचं वाद्य, जे जाड माणूस जिना चढताना वाजतं. आणि एवढ्यानं भागत नाही म्हणून मुलाच्या मित्राच्या तोंडी वाक्य : ‘गेले लाडू!’ बशी ओढणं गमतीचं वाटतं ते त्या गर्दीत, कोणाचं लक्ष नसताना घडतं म्हणून. सहा माणसांच्या फ्रेममध्ये ते प्रेक्षकाला स्वतःला सापडलं पाहिजे. क्लोजअप घातला की सापडायचं काही उरत नाही आणि मित्राच्या वाक्यानंतर तर आपल्याला ढ समजलं जातंय असं वाटू लागतं.

आता फ्रेमचा हिशोब. सेकंदाला २४ फ्रेम. बशी ओढायला दीड सेकंद धरा, म्हणजे ३६ फ्रेम. ती थांबल्यावर हशा उठायला अर्धा सेकंद लागतो आणि तो दोन-अडीच सेकंद टिकतो. म्हणजे बशी थांबल्यापासून पुढच्या ६० ते ७२ फ्रेममध्ये कामाचं काहीही घडता कामा नये. नेमकं तिथेच मुलगी म्हणते, ‘बाबा, मला अमेयशी लग्न करायचंय,’ आणि हे वाक्य हशात वाहून जातं. पुढची दहा मिनिटं निम्मं थिएटर शेजारच्याला विचारत बसतं, अमेय कोण? अशा जागी नाटकात एखादं वाहून गेलं तरी चालेल असं वाक्य टाकतात. ‘पाणी आणू का?’ किंवा ‘पंखा वाढव रे जरा.’ ऐकू आलं तर ठीक, नाही आलं तर काही बिघडत नाही, आणि फ्रेमही मेल्यासारखी दिसत नाही. पटकथेत अशी वाक्यं आधीपासून लिहून ठेवावी लागतात, संकलनाच्या टेबलावर ती उगवत नाहीत.

ही जागा कापली का जाते, तेही सांगतो. संकलनाच्या खोलीत दोन-तीन माणसं असतात आणि तो प्रसंग त्यांनी शंभर वेळा पाहिलेला असतो. त्यांना हसू येणं कधीच थांबलेलं असतं. मग बशीनंतरचे अडीच सेकंद त्यांना रिकामे, ढिले वाटतात. कोणीतरी म्हणतं, ‘इथे पडतंय, टाइट करा.’ झालं काम.

तुमचे बहुतेक नट रंगभूमीवरून आलेले आहेत, त्यांना हे शिकवायची गरज नाही. लाफ्टर आला की थांबायचं, तो पूर्ण विझायच्या आत जरा वरच्या पट्टीत पुढचं वाक्य टाकायचं, हे त्यांच्या अंगात असतं. नाटकाच्या पहिल्या दहा-पंधरा प्रयोगांत कुठल्या वाक्याला हशा येतो, कुठलं वाया जातं, पुण्यात काय चालतं आणि सांगलीत काय चालत नाही हे कळतं आणि प्रयोग बसत जातो. चित्रपटाला असे पंधरा प्रयोग मिळत नाहीत, एकच शुक्रवार मिळतो. म्हणून ते प्रयोग आधी करून घ्यायचे. खर्च फार नाही. कच्ची जोडणी झाली की तीस-चाळीस अनोळखी माणसं बोलवा. युनिटमधले नकोत, त्यांचे नातेवाईक नकोत, आणि कृपा करून पत्रकार नकोत. चार-पाच जणांत हशा पसरत नाही, जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. चित्रपट पार्श्वसंगीताशिवाय दाखवा. पहिल्या रांगेपाशी, पडद्याकडे पाठ करून एक साधा रेकॉर्डर ठेवा. दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग संकलनाच्या टाइमलाइनवर संवादांच्या ट्रॅकखाली लावा. हशाचे डोंगर डोळ्यांना दिसतील. डोंगर पुढच्या वाक्यावर चढला असेल तर तिथे १२ ते ३६ फ्रेम द्या. लेखकाला हमखास वाटलेल्या जागी डोंगरच नसेल तर तिथे संगीत ओतू नका. आधी फीड, म्हणजे विनोदाची तयारी करणारं आधीचं वाक्य, ऐकू आला का ते तपासा. पंच, म्हणजे हशा आणणारी जागा, वाया जातो त्यातल्या निम्म्या वेळी दोष पंचाचा नसतो. ‘स्टार्टअप’ हा शब्द कपबशांच्या खणखणाटात बुडाला तर आई बशी का ओढते हेच कळणार नाही. फीड स्वच्छ असूनही हशा नसेल तर प्रसंग काढा. प्रेक्षकांकडून छापील प्रश्नावली भरून घेण्यावर फार विसंबू नका. फुकट चहा आणि सामोसा खाल्लेला मराठी माणूस कागदावर भिडेखातर चांगलंच लिहितो.

ऐकू येण्याचा विषय निघालाच आहे तर मिक्सिंगबद्दल, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र बसवण्याबद्दल. तुम्ही ज्या स्टुडिओत अंतिम मिक्स ऐकता तिथे प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, ७वर असतो, तीच प्रमाणित पातळी. प्रत्यक्ष थिएटरात, विशेषतः सकाळच्या खेळाला, तो अनेकदा ५वर किंवा त्याहूनही खाली असतो, कारण ट्रेलर आणि जाहिराती कर्कश असतात आणि लोक तक्रार करतात. ७वरून ५वर आलं की आवाज साधारण साडेसहा डेसिबलनं उतरतो. मारामारीच्या चित्रपटाला याचा काही त्रास नाही. तुमच्याकडे मात्र नायिका पुटपुटून टोमणा मारते, आणि तो टोमणाच गायब होतो. अंतिम मिक्स झाल्यावर एकदा फेडर ५वर ठेवून पूर्ण चित्रपट ऐका. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. गिटार आणि पियानोची गादी त्यांच्या अंगावर आली असेल तर तेव्हाच कळेल.

टीव्हीवरच्या प्रहसनातून आलेल्या लेखक-नटांबद्दलही बोललं पाहिजे, कारण सध्याच्या विनोदी चित्रपटाचा मोठा भार त्यांच्याच खांद्यावर आहे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८पासून चालू आहे आणि त्यातून तयार झालेली नटमंडळी फार ताकदीची आहेत, वाद नाही. पण आठ-दहा मिनिटांच्या स्किटचं यंत्र वेगळं. तिथे पात्र आल्या आल्या त्याची लकब कळावी लागते, तीच लकब तीनदा फिरवायची, चौथ्यांदा उलटवायची आणि ब्लॅकआउट. शिवाय समोर परीक्षक हसत असतात आणि कॅमेरा त्यांच्यावर जातो. थिएटरात तुमच्या वतीनं हसायला कोणी नसतं. आणि दोन तासांत एकच लकब पंधराव्या वेळेला आली की दया येऊ लागते. परिणामी चित्रपट म्हणजे दोऱ्यात ओवलेली बारा स्किटं होतात : प्रत्येक प्रसंग पंचवर संपतो आणि पुढच्या प्रसंगाला पुन्हा शून्यापासून गाडी ढकलावी लागते. चित्रपटात प्रसंग पंचच्या थोडा आधी तोडून बघा. पंचची वाफ पुढच्या प्रसंगात फुटू दे. ‘नाच गं घुमा’चं जमलं ते यामुळेच : घरकाम करणारी बाई आणि तिच्यावाचून कोलमडणारं घर, ही एकच कळ शेवटपर्यंत दुखत राहते, विनोद त्या दुखण्यावर येत-जात राहतात.

आता प्रेमाकडे.

प्रेमपटाला दोन माणसं लागतात हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्यामध्ये काहीतरी अडावं लागतं, हे मात्र विसरायला झालंय. सध्या मध्यंतरानंतर अर्ध्या-पाऊण तासानं एक गैरसमज येतो. तिनं त्याला कोणाबरोबर तरी कॉफी पिताना पाहिलं, ती चुलतबहीण निघाली. लिहिताना एकच चाचणी करा : हा प्रश्न एका फोननं सुटतो का? सुटत असेल तर तो प्रश्नच नाही. पात्रांच्या हातात फोन आहे, त्यावर निळ्या खुणा आहेत, लाइव्ह लोकेशन आहे. आणि विमानतळाचा शेवट आता सोडा. आपल्याकडे तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय टर्मिनलच्या दारातूनच आत सोडत नाहीत. दारावरच्या जवानाशी हुज्जत घालणाऱ्या नायकाचा प्रसंग कोणी लिहिला तर तो मात्र आम्ही पैसे देऊन पाहू.

खऱ्या अडचणी काय कमी आहेत? तो हिंजवडीत, ती खराडीत. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, आणि संध्याकाळी सहा वाजता निघालं तर भेट होईपर्यंत हॉटेलचं किचन बंद. याच्या जोडीला अकरा महिन्यांचा भाडेकरार, डिपॉझिट आणि ‘बॅचलरांना देत नाही’ म्हणणारी सोसायटी. ‘डबल सीट’नं (२०१५) जागेच्या टंचाईवर पूर्ण प्रेमपट उभा केला होता : लग्न झालेल्या जोडप्याला एकांत मिळत नाही, एवढीच अडचण. तिला खलनायक लागला नाही. ‘मुरांबा’ (२०१७) तर ब्रेकअप झाल्यावरच सुरू होतो, आणि मुलाच्या आई-वडिलांना त्या नात्याबद्दल मुलाहून जास्त हळहळ वाटते, हा त्यातला खरा विनोद आहे.

किंवा रजिस्टर लग्न घ्या. तुमच्या चित्रपटांत सकाळी भांडण होतं, दुपारी दोन मित्र घेऊन कार्यालयात जातात आणि सह्या करून हार घालून बाहेर येतात. विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) तसं होत नाही. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात आधी ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. मग नोटीस द्यायची. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते, ३० दिवस कोणीही आक्षेप घेऊ शकतं, आणि त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. घाई असलेले म्हणूनच आळंदी गाठतात. पण जरा विचार करा, या तीस दिवसांत केवढा चित्रपट पडलाय! नोटीस फलकावर आहे. मुलीचे काका वेगळ्याच कामासाठी त्याच इमारतीत आलेत. मुलगा फलकापुढे छत्री उघडून उभा आहे, जानेवारी महिन्यात. तिसरा साक्षीदार ऐनवेळी गावाला गेलाय आणि उरलेल्या दोघांचं आपापसांत वाजलंय. यातलं काहीही आम्ही रचलेलं नाही असं समजा, कार्यालयाच्या पायरीवर तासभर बसलात तर याहून सरस सापडेल.

एक गोष्ट जरा अवघड आहे, तरी बोलतो. तुमच्या प्रेमपटांतल्या नायक-नायिकांची आडनावं काढून बघा. जवळजवळ सगळ्यांचं परस्पर जमण्यासारखं असतं. जात आडवी आली की चित्रपट लगेच शोकांतिकेच्या खात्यात जातो, आणि शोकांतिका वेगळ्या दिग्दर्शकांनी करायची असं जणू ठरलंय. ‘आत्मपॅम्फ्लेट’नं (२०२३) ही वाटणी मोडली. शाळकरी मुलाचं एकतर्फी प्रेम, जात, आणि त्या दशकांतल्या देशभरच्या उलथापालथी, हे सगळं हसवत सांगितलं आणि कुठेही बोचणं कमी केलं नाही. त्याला थिएटरं पुरेशी मिळाली नाहीत हा भाग वेगळा. पण लिहिता येतं, हे त्यानं दाखवलं.

परदेशाबद्दल एवढंच : ‘झिम्मा’त सहल हीच गोष्ट होती, म्हणून लंडन खपलं. ज्यांची भांडणं डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातली आहेत त्यांना पुलावर कोट घालून उभं करू नका. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ला (२०१०) दोन माणसं, एक दिवस आणि पुणे शहर एवढंच पुरलं होतं, आणि त्या दोघांनी एकमेकांना नावंही सांगितली नव्हती. त्याचे पुढचे भाग २०१५ आणि २०१८मध्ये आले तेव्हा लेखकांना दर वेळी नवी अडचण शोधावी लागली, आधी लग्नाची धास्ती, मग बाळाची. जमलेल्या जोडप्याला पुन्हा अडवायचं हे फार अवघड काम असतं. दुसरा भाग जाहीर करण्याआधी एका वाक्यात अडचण लिहून भिंतीवर लावा. वाक्य जमलं नाही तर जाहीर करू नका.

बोलीचं काय करायचं? विनोदासाठी एक मालवणी, एक वऱ्हाडी आणि एक कोल्हापुरी पात्र ठेवायची रीत आहे. ठेवा, पण मग ती बोली त्या पात्राला येऊ द्या. नागपूरचा म्हणून आणलेला माणूस एका वाक्यात ‘काहून बे’ म्हणतो आणि पुढच्यात ‘काय रं’. मालवणी मावशी ‘माका’, ‘तुका’पर्यंत नीट जाते आणि क्रियापद आलं की पुण्याची होते : ‘खय जातस’ म्हणायच्या जागी ‘खय जातोस’. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असंच म्हणतात, तुमची कोल्हापूरची नायिका मात्र शुद्ध ‘मी आले’ म्हणते आणि नंतर ‘लई भारी’ जोडून कोल्हापुरी झाल्याचं दाखवते. त्या भागातलं एक माणूस वाचनापासून डबिंगपर्यंत सोबत ठेवा, नुसतं पहिल्या दिवशी नको. बोली डबिंगमध्येच जास्त सुटते, कारण तिथे नट ओठ जुळवण्याच्या नादात असतो. आणि बोली बोलणारा माणूस नायकही होऊ शकतो, दर वेळी वॉचमन किंवा वाट चुकलेला पाहुणा असण्याची सक्ती नाही.

ट्रेलर थोडक्यात. अडीच मिनिटांत तुम्ही अकरा पंच देता आणि चित्रपटात बारा असतात. प्रेक्षक ट्रेलर फोनवर पाच-सहा वेळा पाहून येतो, मग थिएटरात त्या अकरा जागी शांतता. ट्रेलरसाठी चित्रपटाच्या पहिल्या वीस मिनिटांतलेच पंच वापरा, आणि मध्यंतरानंतरचा एकही नको.

सबटायटल्सकडे कोणी बघतच नाही असं दिसतं. बंगळुरू, हैदराबाद, आखाती देश, अमेरिका, सगळीकडे मराठी माणूस अमराठी जोडीदाराला, मित्रांना घेऊन येतो. बरोबरचा माणूस वाचून आधीच हसतो आणि नट नंतर बोलतो, कारण फीड आणि पंच सबटायटलच्या एकाच पाटीत येतात. दोन ओळींची पाटी फोडा. पंचची पाटी त्या शब्दाबरोबरच येऊ द्या, अगदी एक सेकंदापुरती असली तरी चालेल. आणि ‘कांदेपोहे’ या शब्दाचा अर्थ खाद्यपदार्थ म्हणून लावला की लाडवांच्या बशीचा सगळा प्रसंग वाया.

राहता राहिला शुक्रवार. १ मे २०२५ला ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय!’ एकाच दिवशी आले, वर मोठा हिंदी चित्रपटही त्याच दिवशी. महाराष्ट्र दिनाची सुट्टी सगळ्यांनाच हवी हे समजतं. पण ज्या घरातून महिन्याला एकदाच चित्रपटाला जातात, त्या घरानं दोन्ही कसे पाहायचे? निर्मात्यांनी आपापसांत बसून पंधरा दिवसांचं अंतर ठेवायला सरकारी आदेश लागत नाही. वेळांचंही तसंच. २०१५मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइमटाइमला दाखवायला सांगितलं, पण तो प्राइमटाइम ठरला दुपारी १२ ते रात्री ९ असा, त्यामुळे बुधवारी साडेबाराचा खेळ दिला तरी कागदोपत्री सगळं नीट. बायकांच्या गटांच्या चित्रपटाला दुपारी तीन उत्तम. नुकतं जमलेल्या जोडप्यांच्या चित्रपटाला मात्र संध्याकाळी सात नंतरचा खेळ नसेल तर तो न लावलेला बरा. तालुक्याच्या ठिकाणी तिकीट शंभर रुपयांच्या आत बसवता येतं का तेही पाहा : २२ सप्टेंबर २०२५पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग तिकिटावर १८.

कळावे,
शुक्रवारी जमलं नाही तर मंगळवारी येणारे
आम्ही काही प्रेक्षक

ता. क. : श्रेयनामावलीबरोबर तुम्ही चित्रीकरणात फसलेले शॉट दाखवता. नट वाक्य विसरतो, समोरचीला हसू आवरत नाही, कोणी संगीत घातलेलं नसतं, आणि थिएटर मनापासून हसतं. ते ठेवा. फक्त नावं सुरू व्हायच्या आधी दाखवा. पहिलं नाव आलं की दिवे लागतात, दारं उघडतात आणि झाडूवाले आत येतात.